गॅलरीवरून उतरवलेला कूलर

काकू,

आधी माफी मागतो. तुमच्याबद्दल लिहिण्याचा अधिकार खरं तर माझा नाही. मी तुमच्या नात्यातला नाही, बिल्डिंगमधला नाही, आणि ओळख म्हणाल तर एका हिवाळ्याच्या शेवटापासून उन्हाळ्याच्या मध्यापर्यंतची. तुमच्यासोबत टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी केलेल्या बायका शोकसभेच्या दिवशी पोर्चमध्ये बसल्या होत्या. लिहायचं तर त्यांनी. तिथे, बिल्डिंगच्या दुरुस्तीचं काम पाहणाऱ्या आणि मला ते शिकवणाऱ्या मॅडमनी माझ्याकडे पाहिलं, मी उठलो, "काकू मला" एवढं बोललो आणि खाली बसलो. नंतर मॅडम म्हणाल्या, "बोलता येत नसेल तर लिहून दे. बिल्डिंगमधले लोक आठवणींची काही पानं काढताहेत." मी सिव्हिल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. आजवर लिहिले ते फक्त प्रॅक्टिकलचे रिपोर्ट. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे असं काही कसं लिहितात ते विचारायलाही घरी कोणी नाही. काही जास्तीचं लिहून गेलो तर तुमच्या मुलीनं, वैशालीताईंनी, खुशाल खोडावं.

तुम्हाला बिल्डिंगची माहिती द्यायची गरज नाही, पण ही पानं बाहेरचेही वाचतील म्हणून सांगतो. नागपूरच्या सदरमध्ये ऑटोवाल्याला 'दगडी बिल्डिंग' म्हटलं की तो बरोबर आणून सोडतो. तीन मजले, समोरून कामठीकडच्या पिवळसर दगडाची, मागून साध्या विटांची. रस्त्याच्या बाजूने प्रत्येक मजल्याला गॅलरी, आणि गॅलरी पेलायला भिंतीतून बाहेर काढलेले कोरीव दगड. त्यांना आम्ही घोडे म्हणतो. तुमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीखालचे घोडे पापुद्र्यांनी सुटत चालले होते. एक चांगला ओंजळभर तुकडा खालच्या चष्म्याच्या दुकानाच्या पाटीवर पडला आणि महापालिकेची नोटीस आली: पावसाळ्याच्या आत दुरुस्त करा, नाहीतर गॅलरी उतरवून टाका.

उतरवून टाका, हे तुमच्या फार मनाला लागलं होतं. लग्न होऊन तुम्ही त्या घरात आलात. काका गेले, वैशालीताई लग्न होऊन रायपूरला गेल्या, एक्स्चेंजमधून तुम्ही निवृत्त झालात. संध्याकाळची गॅलरी तेवढी राहिली. "जिंदगीभर लोकाइचे आवाज ऐकले," तुम्ही मला एकदा म्हणालात, "आता चेहरे पाहून राहिली." खालून जाणाऱ्या अनोळखी माणसांना तुम्ही नावं ठेवली होती. एका पेन्शनरला 'ट्रंक कॉल' म्हणायच्या, कारण तो फार हळू चालायचा.

आपली पहिली भेट तुम्हाला आठवत असेल. मॅडमनी मला समोरच्या भिंतीतला एकेक दगड तपासायला लावलं होतं. पहाडावर, म्हणजे बांबूच्या परांचीवर चढून लाकडी हातोडीने दगड हलकेच वाजवायचा. आतून धड असला तर टणक आवाज येतो, पोकळ झाला असला तर बद्द येतो. मी तुमच्या गॅलरीच्या बरोबर खाली वाजवत होतो. वरून आवाज आला.

"कोण व्हय रे? भेटाचं असन तं जिन्यानं ये. भिंत काहून वाजवून राहिला?"

मी घाबरून म्हणालो, "तपासणी करतोय, काकू."

"मंग काय म्हणते? जगते का?"

"दोन-तीन दगड गेले आहेत."

"गेले तं इथीच दिसून राहिले न मले. डॉक्टर व्हय का तू?"

"नाही, इंजिनिअरिंगला आहे."

"मंग ठीक आहे," तुम्ही म्हणालात. "डॉक्टर असता तं मी घाबरली असती."

तेव्हापासून तुम्ही मला इंजिनेर म्हणायला लागलात. माझं नाव प्रफुल आहे हे तुम्हाला माहीत होतं का, ही शंका मला शेवटपर्यंत होती.

होळी झाली आणि नागपुरात जे सगळीकडे होतं ते आपल्या बिल्डिंगमध्येही झालं. माळ्यावरचे, जिन्याखालचे कूलर बाहेर निघाले, धुतले गेले, वाळ्याच्या नव्या ताट्या लागल्या आणि सगळे गॅलरीत जाऊन बसले. तुमचाही बसला, लोखंडी स्टँडवर, बैठकीच्या खिडकीला लावून. त्या दिवशी तुम्ही मला चहाला वर बोलावलं होतं. कूलरमध्ये पाण्याचा पाइप सोडून तुम्ही कप विसळायला आत गेलात. टाकी भरली आणि पाणी सांडू लागलं. गॅलरीच्या फरशीवरून ते कोपऱ्यात गेलं, फरशीच्या सांध्यात शिरलं, आणि दिसेनासं झालं. मी कठड्यावरून वाकून पाहिलं. खाली, त्या खराब घोड्याच्या नाकावरून थेंब थेंब पडत होतं.

आठवडाभर मी आणि मॅडम त्या घोड्याचं कारण शोधत होतो. छताची गळती नाही, नळाची गळती नाही. मग दगडात पाणी येतं कुठून? बोअरचं जड पाणी, दर उन्हाळ्यात रोज, कित्येक वर्षं. पाणी उन्हात उडून जातं, क्षार दगडाच्या आत राहतात, फुगतात आणि दगडाची साल काढतात. त्यात कधीतरी कोणीतरी दगडांच्या सांध्यांत सिमेंट भरून ठेवलेलं. म्हणजे पाण्याला बाहेर पडायची वाटही बंद. मी मान वर करून पाहिलं. जिथे जिथे कूलर, तिथे तिथे खाली दगडाला पांढरा लोणा लागला होता.

तुम्ही चहा घेऊन आलात. "का झालं? असा काहून उभा आहे?"

मी म्हणालो, "काकू, हे कूलरनं झालं आहे."

"काय कूलरनं झालं?"

"खालचा घोडा. कूलरच्या पाण्यानं."

तुम्ही कप खाली ठेवलात. "पन्नास वर्षं मी या घरात राहून राहिली. अन् तू मले सांगून राहिला का माही गॅलरी मीच पाडली?"

"तुम्ही एकट्यानं नाही, काकू. सगळ्यांच्याच कूलरनं."

"वा. म्हणजे मोर्चानं पाडली."

मी चहा न पिताच खाली आलो. मॅडमना सांगितलं. त्यांनी तपासून पाहिलं आणि पोर्चमध्ये सगळ्यांची बैठक घेतली. दगड बदलून उपयोग नाही, आधी समोरचे सगळे कूलर काढावे लागतील, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. एप्रिल लागायचा होता. पहिल्या मजल्यावरचे जयस्वाल अंकल उभे राहिले. "मॅडम, आप नागपूरच्याच न? मग बोलून काय राहिल्या? मे महिन्यात या दगडाले गार ठेवाचं का मले?" सगळे हसले. कोणी म्हणालं, पत्र्याचा ट्रे ठेवू. कोणी म्हणालं, गॅलरीच उतरवा, कटकट नको. मॅडमनी सुचवलं की कूलर मागच्या बाजूला लावा, ती विटांची भिंत आहे, तिला ट्रे आणि नळी करून देता येईल. त्यावर तुम्हीच सगळ्यांत आधी बोललात. "माह्या मागं तं स्वयंपाकघर आहे. फोडणीले कूलर लावू का मी?"

मला वाटलं, संपलं. तुम्ही नाही म्हटल्यावर बाकीचे कशाला ऐकतील?

आणि मग तुम्ही उठलात, पदर खोचलात, तो एक्स्चेंजमधला आवाज काढलात. "पण गॅलरी मले पाह्यजे. उद्या सकाळी माहा कूलर उतरते. फॅनवर काढन मी. ज्याले गॅलरी नको असन त्यानं तसं लिहून द्या, मी त्याच्या घरासमोर उभी राहून विचारते."

दुसऱ्या दिवशी दोन हमालांनी तुमचा कूलर जिन्याने खाली आणला. तुम्ही मागून येत होतात आणि त्यांना ओरडत होतात की ताट्या दाबू नका. कूलर पोर्चमध्ये येऊन उभा राहिला; पुढे तो तिथे दिसेनासा झाला, तेव्हा जिन्याखाली ठेवला असेल असं मी धरून चाललो. त्या आठवड्यात समोरचे सगळे कूलर उतरले. जयस्वाल अंकलनी एसी घेतला आणि त्याच्या पाण्याची नळी पुन्हा समोरच सोडली. ती तुम्ही स्वतः जाऊन त्यांच्याच बादलीत सोडायला लावली.

त्यानंतर तुम्ही मला घरात कधी बोलावलं नाही. गॅलरीखाली टेकू लागले, गॅलरीचं दार बंद झालं, आणि तुम्ही खुर्ची घेऊन जिन्याच्या वळणावर येऊन बसू लागलात. तिथून खिडकीतून आमचं काम दिसायचं. हातात जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा, वारा घ्यायला. मी रोज विचारायचो, "काकू, उकडतं का फार?" आणि तुम्ही रोज सांगायच्या, "उकडते न. भाजून राहिली मी तुह्या दगडापायी. भरताचं वांगं झाली." मी म्हणायचो, कूलर मागे लावून देऊ का, मी आणि मिस्त्री वर आणून देतो. तुम्ही म्हणायच्या, "राहू दे. तू आपला दगड पाह्य."

आता हे सगळं मला वेगळं ऐकू येतं. त्याबद्दल पुढे लिहितो.

कामाचे ते दिवस माझ्यासाठी फार चांगले होते, हेही लिहिलं पाहिजे. रामसजीवन मिस्त्री सांध्यांतलं जुनं सिमेंट छिन्नीने काढायचे आणि चुना भरायचे. चुन्याला ऊन सोसत नाही, तो हळूहळू ओलसर राहून घट्ट व्हावा लागतो. म्हणून समोरच्या सगळ्या भिंतीवर ओली गोणपाटं टांगली होती आणि ती दिवसभर भिजवत ठेवायची होती. मजुरांना ते जमेना. तुम्ही वळणावर बसून सगळ्या बिल्डिंगची पाळी लावलीत. सकाळी पहिला मजला, दुपारी तिसरा, संध्याकाळी तुम्ही. लोक आपापल्या खिडकीतून मग्गे मग्गे पाणी गोणपाटावर टाकायचे. कोणी विसरलं की वळणावरून आवाज जायचा, "जयस्वाल साहेब, तुमची लाइन कोरडी आहे!" स्वतःचा कूलर बंद असलेली माणसं भिंत गार ठेवत होती. मिस्त्री मला हळूच म्हणाले, "ऐसी बिल्डिंग नहीं देखी भैया, यहाँ तो दीवार की सेवा चल रही है।"

आमचे बाबा एकदा गावाहून, खाप्याहून आले होते, ते तुम्हाला आठवत असेल. ते सेंट्रिंगच्या कामावर जातात. आयुष्यभर सिमेंटमध्ये हात. मी शिकून काय करतो ते पाहायला आले होते आणि पाहून त्यांचं तोंड उतरलं. सांध्यातला ओला चुना त्यांनी नखाने दाबून पाहिला.

"हे वाळन कधी?" त्यांनी मला विचारलं.

"वाळत नाही बाबा, मुरतं. महिने लागतात."

"महिने? आमची स्लॅब तं—"

तुम्ही वळणावरून उतरून पोर्चमध्ये आलात. "बसा न भाऊ. तुम्ही इंजिनेरचे बाबा का?"

"हाव जी."

"सिमेंटचं काम करता न? हे जे आता पोरं काढून राहिले, ते सिमेंटच होतं. तुमच्यासारख्याच कोण्या चांगल्या माणसानं चांगल्या मनानं भरलं असन. ते वाळलं लवकर, अन् दगड फुटला."

मला वाटलं बाबा रागावतील. ते हसले. "म्हणजे बाई, ज्यानं भरलं त्याचंही पोरगं आता कुठी शिकत असन, काढाले." तुम्ही इतक्या मोठ्याने हसलात की मिस्त्री परांचीवरून वाकून पाहू लागले. निघताना बाबांनी तळहात भिंतीला लावून पाहिला. घरी गेल्यावर आईला म्हणाले, त्याचं बरं चाललं आहे. माझ्या अभ्यासाबद्दल ते आजवर बोललेलं एवढंच वाक्य आहे, आणि ते तुमच्यामुळे बोलले असं मी मानतो. तुमचे आभार मानायचे राहिले.

आपलं भांडण मात्र अर्धवट राहिलं. त्या खराब घोड्याचा निम्मा भाग धड होता. मॅडमचं म्हणणं होतं की अख्खा दगड फेकायचा नाही. सडलेला भाग चौकोनी कापून काढायचा, त्याच जातीच्या नव्या दगडाचा तुकडा चुन्यात आणि स्टीलच्या पिनेवर बसवायचा. नवा तुकडा लांबून भिंतीत मिसळून जावा, पण जवळून पाहणाऱ्याला कळावं की हा नवा आहे. मी तेच तुम्हाला पुस्तकात वाचल्यासारखं सांगत होतो.

तुकडा बसला त्या संध्याकाळी तुम्ही माझा हात धरून रस्ता ओलांडलात. सदरची संध्याकाळची गर्दी, तुम्ही एक हात वर करून गाड्या थांबवत होतात. समोरच्या दुकानाच्या पायरीवर उभ्या राहून तुम्ही डोळे बारीक केलेत.

"दिसते न गा थिगळ."

"इथून नाही दिसत, काकू. जवळून दिसतं. आणि जवळून दिसायलाच पाहिजे."

"काहून?"

"म्हणजे जुनं कोणतं, नवं कोणतं, हे लोकांना कळावं. खोटं नको."

"खोटं कसं? रफू करणारा खोटारडा असते का? चांगला रफू तो, का जो दिसत नाही. थिगळ दाखवत फिराची हौस, ज्याच्या अंगावर कधी थिगळ नसते त्याले राह्यते."

मनातून मी निम्मा तुमच्या बाजूचा होतो. माझी आई माझ्या कॉलेजच्या पँटला रफू करते तेव्हा ती उजेडाकडे धरून बघते, कुठे दिसत तर नाही ना. पण मॅडमचंही बरोबर होतं, हे मला दगडापाशी उभं राहिलं की पटायचं. तो तुकडा आपला नवेपणा लपवत नव्हता आणि तरी भार घेत होता. हे मी तुम्हाला नीट शब्दांत सांगणार होतो. तुम्ही म्हणालात, "परीक्षा देऊन ये. मंग भांडू."

दुसरं भांडण मिहानचं, विमानतळाजवळच्या औद्योगिक वसाहतीचं. तिथल्या एका कंपनीत मला मुलाखतीला बोलावलं होतं आणि मी जाऊ की नको करत होतो. मला हेच काम शिकायचं होतं. तुम्ही म्हणायच्या, "आधी पगार, मंग दगड. दगड कुठी पळून चालला?" मी म्हणायचो, दगड पळत नाही पण पडतो. तुम्ही म्हणायच्या, मोठा बोलाले शिकला. या भांडणात कोण बरोबर ते अजून ठरलेलं नाही. मुलाखत पुढच्या आठवड्यात आहे. मी जाणार आहे. मॅडमकडचं कामही सोडणार नाही, असं आज तरी ठरवलं आहे. तुम्ही असता तर दोन्हीकडून बोलला असता.

परीक्षेसाठी मी होस्टेलवर गेलो आणि तुम्ही दवाखान्यात गेलात. मला कळलं तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. त्या दिवशी पेपर होता. पेपर संपल्यावर फोन उघडला तर मिस्त्रींचा मेसेज: काकी नहीं रहीं. मी मोक्षधामला पोहोचलो तोवर लोक परतत होते. ऊन इतकं होतं की सगळे रुमाल डोक्यावर टाकून एका झाडाखाली गोळा झाले होते. तिथे कोणीतरी म्हणालं, आणि कोण ते मी मुद्दाम लिहीत नाही, कारण त्यांच्या मनात काही नव्हतं, "ह्या उन्हात म्हातारं माणूस फॅनवर किती दिवस काढन?"

तेव्हापासून ते वाक्य माझ्यासोबत आहे.

गॅलरीचं सांगतो. तुम्ही गेल्यानंतर टेकू काढले. मॅडमनी सगळ्यांना खाली उभं राहू दिलं नाही, समोरच्या फूटपाथवर पाठवलं. एकेक टेकू सैल केला, थांबलो, पुढचा सैल केला. मग वाळूची पोती गॅलरीत रचून मापं घेतली. काही हललं नाही. जयस्वाल अंकलनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली आणि मग स्वतःच थांबले. नोटीस मागे घेतल्याचं पत्र आलं आहे. गॅलरी राहिली. तुम्हाला जे हवं होतं ते झालं.

मला आनंद झाला असं लिहिता येत नाही. दगडाचं कारण मी शोधलं होतं. हे कूलरनं झालं, असं मी तुमच्या तोंडावर पहिल्यांदा बोललो होतो. ते चूक नव्हतं. पुन्हा तसा दगड पाहिला तर मी पुन्हा तेच सांगेन, नाहीतर मी शिकलो कशाला? पण दगड वाचावा म्हणून एका माणसाच्या घरातला गारवा काढून घेतला का आपण, हे मी कोणाला विचारू? मॅडमना विचारलं तर त्या म्हणाल्या, "असा विचार करू नकोस." ते उत्तर नव्हे. रोज मी विचारायचो आणि रोज तुम्ही सांगायच्या, भाजून राहिली. तुम्ही मला तुमच्या भाषेत, हसत, खरंच सांगत होतात का? आणि मी 'बरं' म्हणून परांचीवर चढत होतो का? घरात बोलवायचं थांबवलंत, कारण घर तापलेलं मला दिसू नये म्हणून? जिन्यावर बसायच्या ते तिथे तेवढी तरी हवा लागते म्हणून?

इथवर मी परवा लिहिलं आणि थांबलो. पुढे काय लिहावं ते कळेना. मॅडमना देण्याआधी वैशालीताईंना वाचायला द्यावं म्हणून आज दुपारी बिल्डिंगवर गेलो. त्या रायपूरहून घर आवरायला आल्या आहेत. मी पोर्चमधूनच फोन केला. त्या म्हणाल्या, "खाली काहून उभा आहेस? वर ये न." मी वर गेलो. बाहेर रस्त्यावर डांबर चपलेला चिकटत होतं. तुमच्या बैठकीत पाय ठेवला आणि मला वाटलं मी चुकून दुसऱ्याच कुठल्या घरात आलो. घर गार होतं. समोरची गॅलरी उघडी, पडदा बाहेरच्या बाजूला फुगलेला, आणि वारा मागून येत होता. मी वाऱ्याच्या दिशेने गेलो. स्वयंपाकघराच्या खिडकीत, बाहेर लोखंडी स्टँडवर, खाली ट्रे, ट्रेला नळी, तुमचा कूलर चालू होता.

"हा कधी लावला?" मी विचारलं.

"लगेच तर लावला. खाली उतरवला त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी," वैशालीताई म्हणाल्या. "जयस्वाल अंकलनीच हमाल आणले. तुला माहीत नाही?"

त्यांनी पाणी दिलं. मी विचारलं, मग काकूंना उन्हाचा त्रास? त्या म्हणाल्या, "कसला उन्हाचा? हृदयाचं होतं. डॉक्टरांनी दिवाळीतच सांगून ठेवलं होतं, कधीही होऊ शकतं म्हणून. आईनं कोणाला सांगू दिलं नाही." मग त्या हसायला लागल्या, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरले. त्यांनी सांगितलं, समोरची बाजू पश्चिमेची, दुपारभर तापलेली हवाच तो कूलर आत ओढायचा. मागे सावली. इकडून हवा आत, समोरच्या खिडकीतून बाहेर. तुम्ही रायपूरला फोन करून सांगितलं होतं म्हणे, की पन्नास वर्षं आम्ही सगळे मूर्खासारखे चुकीच्या खिडकीत कूलर लावून बसलो, यंदा रात्री चादर घ्यावी लागून राहिली.

"मग मला का नाही सांगितलं?"

"तुलाच तर सांगायचं नव्हतं. अख्ख्या बिल्डिंगला तंबी होती. म्हणून तर तुला वर येऊ देत नव्हती." वैशालीताईंनी तुमचा आवाज काढला, अगदी तुमचा. "'त्या पोट्ट्याले सांगू नका. वर्षभर मले ऐकवत बसन.'"

एकदाच ऐकवलं असतं, काकू.